रायडलची गुहा: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये एकच दिवस हाताशी आहे, डोंगर चढायची सवय नाही, सोबत आई-वडील किंवा आठ-दहा वर्षांचं मूल आहे, तर कुठे जावं? असं कुणी विचारलं की मी रायडलच्या गुहेचं नाव घेतो. पूर्ण फेरी साधारण पाच किलोमीटरची. चढ बेताचाच. तळं, ओढे, रान, मेंढ्या, आणि या सगळ्याच्या मधे डोंगराच्या पोटात एक भलंमोठं दालन. थांबत, बघत, डबा खात गेलात तरी अडीच तासांत परत येता.

निघण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या, कारण या वाटेची सगळी गोडी तिच्यात आहे. ही गुहा निसर्गाने केलेली नाही. ही दगडखाण होती, लफ्रिग क्वारी या नावाची. लफ्रिग डोंगराच्या उत्तरेकडच्या उतारावर दोनशे वर्षांपूर्वी पाथरवट कौलांसाठी दगड काढत होते. दगड गेला आणि पोकळी उरली. आज आपण त्या पोकळीला गुहा म्हणतो. निसर्गाचा चमत्कार बघायला म्हणून आलेले लोक दहा मिनिटांत फोटो काढून मागे फिरताना मी कितीदा पाहिले आहेत, आणि दर वेळी मला हळहळ वाटली आहे. माणसांच्या कामाची जागा म्हणून तिच्याकडे बघा, मग वाटेतली प्रत्येक भिंत आणि प्रत्येक छप्पर तुमच्याशी बोलायला लागेल.

कधी जावं

वाट बाराही महिने उघडी असते. तिला तिकीट नाही, वेळापत्रक नाही. पण दिवस किती मोठा आहे ते आधी बघा. डिसेंबरात इथे दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, तर जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो. हिवाळ्यात दुपारी दोनला निघणं म्हणजे परतीची वाट अंधारात शोधणं.

मला विचाराल तर एप्रिलचा शेवट किंवा ऑक्टोबर, आणि तेही आठवड्यातला कामाचा दिवस, सकाळी नऊच्या सुमाराला. एप्रिलमध्ये झाडांना नुकती पालवी फुटलेली असते आणि कुरणांत कोकरं दिसतात. ऑक्टोबरात डोंगरावरचं नेचं वाळून तांबूस-तपकिरी होतं आणि सगळा उतार पेटल्यासारखा दिसतो. ऑगस्टमधले शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडेचे, म्हणजे सार्वजनिक सुट्टीचे, सोमवार शक्यतो टाळा. गुहेत वीस माणसं आली की तिथली शांतता जाते, आणि या जागेचा निम्मा जीव त्या शांततेत आहे.

पावसाची भीती बाळगू नका, पण त्याला गृहीत धरूनच निघा. इंग्लंडमधलं सर्वांत जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण, सीथवेट, याच लेक डिस्ट्रिक्टमध्ये आहे. रिमझिम असेल तर ही वाट उलट जास्त सुंदर दिसते. मात्र दोन-तीन दिवस मुसळधार पाऊस होऊन गेला असेल तर गुहेतलं पाणी वाढलेलं असतं आणि आत जायच्या पायदगडांवरून पाणी गेलेलं असू शकतं. त्या दिवशी मुखापाशीच थांबा.

कडाक्याच्या थंडीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. दगडाच्या फटींत शिरलेलं पाणी गोठलं की ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि फट थोडी रुंद करतं. बर्फ वितळला की आतापर्यंत बर्फानेच धरून ठेवलेला तुकडा सुटा होतो. म्हणून छतावरून दगड पडण्याचा धोका गोठलेल्या रात्रीपेक्षा ती सरून ऊब येते त्या सकाळी जास्त. असा दिवस असेल तर गुहा बाहेरून बघा आणि पुढे चला. उतार उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे तिथे थंडीत ऊन फार कमी पोहोचतं, आणि वाटेवरचा गोठलेला ओलावा दुपारपर्यंत तसाच राहतो.

पायात काय, पाठीवर काय

एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर ते बुटांवर करा. घोट्याच्या वर जाणारे जड बूट हवेतच असं नाही, पण तळाला खोल खाचा हव्यात. स्लेटचा दगड, म्हणजे इथला कौलांचा दगड, ओला असला की साबणासारखा निसरडा असतो. तळ झिजलेले रोजचे बूट घालून मी इथे एकदा आलो होतो, आणि गुहेतल्या तिसऱ्याच पायदगडावरून घसरून गुडघ्यापर्यंत पाण्यात गेलो. इजा झाली नाही, पण ओले मोजे घेऊन उरलेले तीन किलोमीटर चालताना पायाला फोड आले.

जीन्स नको. भिजली की जड होते, लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेते. साधी पातळ पँट, वर दोन पातळ थर आणि पाणी न शिरणारं जॅकेट पुरे. छत्रीचा उपयोग नाही, वारा ती उलटी करतो. पाठपिशवीत पाणी, थोडं खाणं, एक जोड कोरडे मोजे आणि एक छोटी बॅटरी. मोबाइलचा उजेड चालतो, पण मग फोन हातात धरून ओल्या दगडांवर तोल सांभाळावा लागतो. डोक्याला बांधायची बॅटरी असेल तर उत्तम.

नकाशा लागतोच असं नाही, तरी मी घ्या म्हणेन. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-संस्थेचा एक्सप्लोरर मालिकेतला ‘ओएल ७’ हा नकाशा या भागाचा आहे. त्यात चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि चालायचा सार्वजनिक हक्क असलेल्या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. नकाशा वाचायला शिकायचं असेल तर यापेक्षा सोपी वाट मिळणार नाही, कारण तळं सतत नजरेसमोर असतं आणि चुकायला फारशी जागा नाही.

तिथवर पोहोचणं

रायडल हे चिमुकलं गाव ॲम्बलसाइड आणि ग्रासमिअर यांच्या मधे, ए-५९१ या रस्त्यावर आहे. गाडी नसेल तर रेल्वेने ऑक्सनहोमला या, तिथे बदलून विंडरमिअरची छोटी गाडी घ्या आणि विंडरमिअर स्टेशनच्या दारातच ५५५ क्रमांकाची बस धरा. उन्हाळ्यात ५९९ ही उघड्या टपाची बसही याच रस्त्याने जाते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर अर्धा प्रवास तिथेच वसूल होतो. दोन्ही बस ‘रायडल चर्च’ या थांब्यावर थांबतात. थांब्याचं नाव चालकाला आधीच सांगून ठेवा. २०२५ पासून इंग्लंडमधल्या बसच्या एका फेरीचं भाडं जास्तीत जास्त ३ पौंड ठेवलेलं आहे. तरी त्या दिवशीचं वेळापत्रक आणि भाडं ॲपवर तपासून घ्या, कारण हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात. शेवटची बस किती वाजता आहे ते कागदावर लिहून खिशात ठेवा.

गाडीने येणाऱ्यांना दोन वाहनतळ आहेत. पेल्टर ब्रिजचा गुहेला सर्वांत जवळचा, पण फार लहान. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ-साडेनऊनंतर तिथे जागा मिळेल अशी आशा धरू नका. दुसरा व्हाइट मॉसचा, थोडा पुढे ग्रासमिअरच्या बाजूला, बराच मोठा. दोन्हीकडे पैसे भरावे लागतात. जागा नाही म्हणून अरुंद गल्लीच्या कडेला गाडी लावून देऊ नका. त्याच गल्लीतून शेतकऱ्याचा ट्रॅक्टर जातो आणि रुग्णवाहिकाही. स्वच्छतागृहाचं काम ॲम्बलसाइडमध्येच उरकून घेतलेलं बरं.

पहिला टप्पा: पेल्टर ब्रिज ते डांबर संपेपर्यंत

बसमधून उतरलात की ॲम्बलसाइडच्या दिशेने काही मिनिटं मागे चालत या. उजव्या हाताला रॉथी नदीवरचा दगडी पूल दिसेल, तोच पेल्टर ब्रिज. पूल ओलांडताच लगेच उजवीकडे वळा. या गल्लीवर पदपथ नाही, तेव्हा मुलांना कडेला घ्या. वाहनतळ मागे टाकून सरळ वर चालत राहा. गल्ली हळूहळू चढते, दोन्ही बाजूंना दगडी घरं लागतात.

इथे थोडं थांबा आणि घरांच्या छपरांकडे बघा. करडी, कुठे हिरवट झाक असलेली, जाडजूड दगडी कौलं. एकही कौल दुसऱ्यासारखं नाही. आत्ता फक्त बघून ठेवा.

डांबर संपलं की खडबडीत पण रुंद वाट सुरू होते. लवकरच फाटा लागतो. एक वाट उजवीकडे खाली तळ्याकडे उतरते आणि दुसरी सरळ, किंचित वर चढत जाते. आपली वरची. येताना खालच्या वाटेने यायचं आहे.

दुसरा टप्पा: खाणीची वाट

फाट्यापासून गुहेपर्यंत वीसेक मिनिटं. वाट रुंद, दगड बसवलेली, चढ बेताचा. उजवीकडे खाली झाडांमधून रायडल वॉटर दिसायला लागतं. तळं लहान आहे, लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास, त्यात दोन छोटी बेटं. पलीकडच्या काठावर नॅब स्कारचा कडा उभा राहतो. वारा नसेल तर तो कडा पाण्यात जसाच्या तसा उतरलेला असतो.

वाट अशी का आहे, हे बघण्यासारखं आहे. नुसती माणसं जाण्यासाठी एवढ्या रुंद आणि भक्कम वाटेची गरज नव्हती. हा काढलेला दगड खाली नेण्याचा रस्ता आहे. भरलेल्या गाडीला झेपेल इतकाच उतार त्याला ठेवावा लागला असणार, आणि म्हणूनच आज वयस्कर माणसालाही तो झेपतो. माझ्या आईने सत्तरी ओलांडल्यावर हा चढ मधे दोनदा बसून आरामात केला.

वाटेत मेंढ्या भेटतील. या भागाची आपली खास जात म्हणजे हर्डविक. तिची कोकरं जन्मतः काळी असतात आणि वयाबरोबर लोकर करडी, मग पांढरट होत जाते. त्यांना खायला देऊ नका, जवळ जाऊ नका. कुत्रा सोबत असेल तर १ मार्च ते ३१ जुलै या काळात अशा मोकळ्या डोंगराळ जमिनीवर तो दोन मीटरच्या आतल्या पट्ट्याने बांधलेला असणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि गुरं-मेंढरं जवळ असतील तर वर्षभर. फाटकाचाही नियम ध्यानात ठेवा: बंद होतं तर बंद करून पुढे जा, उघडं ठेवलेलं असेल तर उघडंच राहू द्या. शेतकऱ्याने ते मेंढ्यांना पाण्याकडे जाता यावं म्हणून मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं.

खांबांवर पिवळा बाण दिसला तर ती फक्त चालणाऱ्यांची वाट, निळा दिसला तर तिच्यावर घोडे आणि सायकलीही येतात. पाट्यांवरचं अंतर मैलांत असतं, एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर. स्थानिक बोलीतले तीन शब्दही शिकून ठेवा, कारण ते नकाशावर सतत भेटतात: ‘फेल’ म्हणजे डोंगर, ‘बेक’ म्हणजे ओढा, ‘टार्न’ म्हणजे डोंगरातलं लहान तळं. हजार वर्षांपूर्वी इथे येऊन वसलेल्या उत्तरेकडच्या लोकांच्या नॉर्स भाषेतून हे शब्द आले आहेत.

चालता चालता डाव्या हाताला आधी एक छोटी खाण लागते. अनेक जण तिलाच रायडलची गुहा समजून परत फिरतात. तुम्ही पुढे चला, मोठी अजून थोडी वर आहे. शेवटचा चढ फोडलेल्या दगडांच्या ढिगाऱ्याला वळसा घालून जातो. पायाखाली वाजणारे ते चपटे तुकडे म्हणजे खाणीतला टाकाऊ माल. काढलेल्या दगडातला अगदी थोडा भाग कौल व्हायच्या लायकीचा निघायचा, बाकीचा तिथेच समोर ओतला जायचा. वर पोहोचल्यावर जी सपाट जागा लागते, जिथे सगळे डबे उघडून बसतात, ती याच टाकाऊ दगडाने तयार झालेली आहे.

तिसरा टप्पा: गुहेत

आत जाण्याआधी मुखाशी उभे राहा आणि पाटी वाचा. छतावरून अधूनमधून दगड पडतात, आत जाणं आपापल्या जबाबदारीवर, अशा अर्थाची सूचना तिथे आहे. ती गंभीरपणे घ्या. जमिनीवर कोऱ्या, धारदार कडांचे ताजे तुकडे पडलेले दिसले तर ते नुकतेच वरून आलेले आहेत, असा त्याचा अर्थ. मग आत जाऊ नका. एरवीही भिंतीला टेकून, छताच्या काठाखाली रेंगाळू नका. मुखाचा काठ हाच सर्वांत जास्त ऊन-पाऊस खाल्लेला भाग असतो.

मुखापासूनच पाण्याचं डबकं सुरू होतं, उथळ आणि स्वच्छ. त्यात छोटे मासे असतात, स्थिर उभं राहिलं की दिसतात. डबक्यातून पायदगडांची रांग आत जाते. एका वेळी एकाच माणसाने जावं, पाय दगडाच्या मधोमध ठेवावा, उडी मारू नये. मुलाचा हात धरायचा असेल तर मोठ्या माणसाने पुढच्या दगडावर जाऊन मागे हात द्यावा, दोघांनी एकाच दगडावर उभं राहू नये. गुडघे दुखत असतील तर आत जायचा हट्ट नको. मुखापासूनही दालनाचा मोठा भाग दिसतो.

आत कोरड्या भागावर पोहोचलात की बॅटरी लगेच लावू नका. दोन मिनिटं डोळ्यांना वेळ द्या. आधी फक्त पाणी ठिबकण्याचा आवाज येतो, मग हळूहळू दालनाचा आकार उलगडतो. माणसं म्हणतात की आख्खं ॲम्बलसाइड गाव या दालनात मावेल, आणि आत उभं राहिल्यावर ते खोटं वाटत नाही. मग भिंतींकडे बघा. नैसर्गिक गुहेच्या भिंती पाण्याने झिजून गोल, गुळगुळीत होतात. इथे तसं काही नाही. पृष्ठभाग सपाट, कोन तीक्ष्ण, छत एका बाजूला कललेलं. दगड जसा सुटत गेला तशी ही खोली वाढत गेली आहे.

दगड असा का सुटतो, याची गोष्ट फार जुनी आहे. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी या भागात ज्वालामुखी होते. त्यांची बारीक राख थरांवर थर साचत गेली आणि तिचा दगड झाला. पुढे, साधारण ४० कोटी वर्षांपूर्वी, दोन भूखंड एकमेकांवर दाबले गेले तेव्हा या दगडावर एवढा दाब आला की त्यातले बारीक कण एका दिशेने लोळले. त्या दिशेने छिन्नी लावली की दगड वहीच्या पानांसारखा सुटतो, आडवी लावली तर नुसता फुटतो. शाळेची जुनी दगडी पाटी आठवते? तीही स्लेटचीच. भिंतीवर कुठे कुठे फिकट-गडद पट्टे दिसतील, ते मूळ राखेचे थर. दगड सुटण्याची दिशा मात्र त्या पट्ट्यांना तिरकी छेदून जाते. हा फरक एकदा डोळ्यांना कळला की बॅटरी फिरवत राहावंसं वाटतं.

उघड्यावर खणायचं सोडून लोक डोंगराच्या आत का शिरले, असा प्रश्न माझ्याबरोबर आलेल्या एका लहान मुलीने विचारला होता. चांगला दगड डोंगरात तिरका उतरत गेलेला असतो. त्याच्या मागे जायचं तर एकतर वरचा सगळा निरुपयोगी डोंगर उचलून फेका, नाहीतर आत शिरून हवा तेवढाच दगड काढा. दुसरं स्वस्त पडतं. अशा भूमिगत दालनाला इथल्या खाणकामगारांच्या बोलीत ‘क्लोजहेड’ म्हणतात. काम पहार, हातोडा, छिन्नी आणि सुरुंगाची काळी दारू, म्हणजे स्फोटक पूड, यांनी चालायचं. ही दारू बनवणारा कारखाना लफ्रिगच्या पलीकडच्या बाजूला एल्टरवॉटर गावात १८२४ साली सुरू झाला होता. सुटलेल्या धोंड्यांचे पत्रे काढण्याचं काम सर्वांत कसबी मानलं जायचं, त्याला इथे ‘राइव्हिंग’ म्हणतात. आज या दालनात एवढी शांतता आहे, की इथे सुरुंगाचा दणका, दगडाची धूळ आणि थंड ओलाव्यात वाकून काम करणारी माणसं होती, हे मुद्दाम आठवावं लागतं. तेवढं जरूर आठवा.

आता मागे वळा आणि बाहेर बघा. काळ्या चौकटीत हिरवं रान, पलीकडचे डोंगर, आणि खालच्या पाण्यात त्या सगळ्याचं उलटं प्रतिबिंब. फोटो इथूनच काढायचा, आतून बाहेर. फोनवर बाहेरच्या उजेडावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा, नाहीतर बाहेरचं सगळं पांढरं होऊन जातं. पाण्यात दगड टाकलेला नसेल तर एका मिनिटात पाणी काचेसारखं स्थिर होतं.

दगडावर नाव कोरू नका, आत शेकोटी पेटवू नका. आगीच्या उष्णतेने दगडाला तडे जातात, आणि भिंतीवर बसलेली काजळी वर्षानुवर्षं निघत नाही. संत्र्याचं सालसुद्धा परत घेऊन जा.

चौथा टप्पा: तळ्याकाठाने परत

आल्या वाटेने परतलात तरी चालेल, पण वेळ असेल तर फेरी पूर्ण करा. गुहेकडे पाठ करून उभे राहिलात की डावीकडे जाणारी वाट घ्या. ती उताराच्या अंगाने ग्रासमिअरच्या दिशेने जाते. थोड्या वेळाने डोंगराचा एक मोकळा खांदा लागतो, जिथे अनेक वाटा मिळतात. सरळ पुढे गेलात तर लफ्रिग टेरेस ही सुप्रसिद्ध सपाट वाट लागते. तिच्यावर दहा मिनिटं गेलात की ग्रासमिअरचं तळं आणि मागचे डोंगर एकदम पुढ्यात येतात. पाय शाबूत असतील तर एवढं बघून याच खांद्यावर परत या. लफ्रिगचा माथा ३३५ मीटर उंच आहे, तो मात्र वेगळ्या दिवसासाठी ठेवा. वर वाटांचं जाळं आहे आणि धुक्यात नवखा माणूस तिथे हमखास चुकतो.

खांद्यावरून उजवीकडे मागे वळणारी वाट रायडल वॉटरच्या काठाला उतरते. तिथून तळं सतत डाव्या हाताला ठेवायचं. वाट पाण्याला लागून, जवळपास सपाट आहे. मधे खडे असलेले छोटे काठ लागतात, उन्हाळ्यात लोक तिथे पोहतात. पोहायचा मोह झाला तर एवढंच ध्यानात ठेवा की वर ऊन असलं तरी पाणी फार थंड असतं. एकदम उडी घेतली तर श्वास अडकतो आणि चांगला पोहणाराही गांगरतो. काठाकाठाने, हळूहळू, कुणीतरी बघत असतानाच उतरा.

तळ्याच्या टोकाला वाट फुटते. गाडी पेल्टर ब्रिजला असेल तर उजवीकडे थोडं चढून सकाळच्या वाटेला मिळा. बस धरायची असेल तर फाटकातून पुढे रानात शिरा, रॉथी नदीवरचा लहान पादचारी पूल ओलांडा आणि थेट ए-५९१ रस्त्यावर या. रस्ता ओलांडताना सांभाळा, गाड्या वेगात असतात.

व्हाइट मॉसला गाडी लावली असेल तर हाच क्रम उलटा करायचा: तिथून नदीवरचा पूल, मग रान, मग वर खांद्यावर येऊन डावीकडे गुहेकडे.

वेळ उरला तर

चर्चच्या मागे डोराज फील्ड हे छोटं उतरतं शेत आहे. कवी विल्यम वर्ड्‌सवर्थ १८१३ पासून १८५० मध्ये मृत्यू येईपर्यंत इथे रायडल माउंट या घरात राहिले. त्यांची मुलगी डोरा १८४७ साली गेली, आणि तिच्या आठवणीत या शेतात डॅफोडिल लावले गेले. मार्च-एप्रिलमध्ये ते फुलतात. पुष्कळ जण समजतात की त्यांच्या गाजलेल्या कवितेतली फुलं हीच. ती इथली नव्हेत, ती अल्सवॉटरच्या काठावर १८०२ साली पाहिलेली. पण बापाने मुलीसाठी लावलेली फुलं म्हणून मला इथे जास्त वेळ थांबावंसं वाटतं. पलीकडे रायडल हॉलच्या आवारात धबधबा बघण्यासाठी १६६८ साली बांधलेली एक चिमुकली दगडी खोली आहे, ‘द ग्रॉट’ नावाची. तिच्या खिडकीत धबधबा चित्रासारखा बसवला आहे.

काही अडचण आलीच तर

घोटा मुरगळला आणि चालता येईना, तर ९९९ वर फोन करा. आधी पोलीस मागा आणि त्यांना ‘माउंटन रेस्क्यू’, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक, हवं असं सांगा. हे पथक स्वयंसेवकांचं असतं आणि मदतीचे पैसे घेत नाही, त्यामुळे संकोच करू नका. फोन लागत नसेल तर कधी कधी संदेश जातो. त्यासाठी ९९९ या क्रमांकावर संदेशाची सोय घरूनच नोंदवून ठेवावी लागते: ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द त्या क्रमांकावर पाठवायचा आणि येणाऱ्या सूचना पाळायच्या. दोन मिनिटांचं काम आहे, आजच करून टाका.

उन्हाळ्यात नेच्यातून चालला असाल तर घरी गेल्यावर घोटे, गुडघ्यामागची बाजू आणि मुलांची मान नीट तपासा. गोचीड चिकटलेली असू शकते, आणि तिच्यापासून लाइम रोग होऊ शकतो. बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा, चिरडू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल लाल चट्टा पसरला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

बस येईपर्यंत

थांब्यावर उभे असाल, किंवा ॲम्बलसाइडला उतरून चहाच्या शोधात असाल, तर सकाळी बघून ठेवलेली छपरं आता पुन्हा बघा. वळचणीला सर्वांत मोठी कौलं, वर जावं तसतशी लहान, आणि आढ्यापाशी तळहाताएवढी. खाणीतून दगड एका मापाचा कधीच येत नसे. तो फेकण्याऐवजी लांबीप्रमाणे लावून घेत: जिथे सर्वांत जास्त पाणी वाहतं तिथे खाली मोठी, कमी सांध्यांची, आणि उरलेला बारीक मालही वर कामी येई. पाऊस पडत असेल तर थेंब एका कौलावरून दुसऱ्यावर उतरताना दिसतात.